भाऊजींचं औषध

घरातलं माणूस तापानं फणफणलं तरी भाऊजी कूस बदलत नसत. पण कॉम्प्युटर जरा कण्हला की गळ्यात पेन ड्राइव्ह अडकवून हजर. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यापासून हा उद्योग. गल्ली त्यांना 'डॉक्टर' म्हणायची, आणि ही थट्टा आहे हे कळण्याइतकी अक्कल त्यांच्या वाट्याला आली नव्हती.

ज्या वहिनीचे ते धाकटे दीर, ती घरी बसून शिवणकारखान्यासाठी कपड्यांच्या कटिंगचे नमुने कॉम्प्युटरवर काढायची. त्या सकाळी तिनं मशीन चालू केलं, तर डेस्कटॉपवरच्या प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात एकेक बाण उगवलेला. उघडायला जावं तर कॉलर, बाह्या, खिसे सगळं गायब आणि समोर टकलावर केस उगवणाऱ्या तेलाची जाहिरात. कारखान्याच्या मास्तरांनी तर बजावलेलं, संध्याकाळपर्यंत नमुने आले नाहीत तर काम दुसरीकडे जाईल.

भाऊजी आले. खुर्ची ओढली, रोग्याची छाती ठोकावी तसं पडद्यावर टकटक केलं, डोळे मिटले आणि "हंऽऽ" असा लांबलचक हुंकार सोडला. आधी म्हणाले धूळ. मग व्होल्टेज. मग वहिनीच माऊस फार जोरात दाबते. धुळीतून तेलाच्या जाहिराती कशा निघतात, एवढंच तिनं विचारलं, तर हे तांत्रिक आहे, तुम्हाला समजायचं नाही, असं सांगून त्याच दमात चहात साखर कमी असल्याचंही ऐकवलं.

वहिनी मनातल्या मनात मागे गेली. परवा मशीन नुसतं मंद चालत होतं. भाऊजी पेन ड्राइव्ह लावून त्यातलं 'औषध' देऊन गेले आणि बाण उगवले. समोरच्या शिकवणीवाल्या बाईंकडेही तेच झालं होतं, तेही भाऊजींचे पाय लागल्यावर.

भाऊजींनी गळ्यातला पेन ड्राइव्ह काढला, पण लावला नाही, टेबलावर ठेवला. आधी पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका खुणेवर क्लिक केलं आणि समाधानानं मान डोलावली. "परवा बंद केला तो अजून बंदच आहे."

"काय बंद केलं होतं, भाऊजी?"

"अँटिव्हायरस. माझा ड्राइव्ह लावला की बोंबलतो लेकाचा. म्हणून कुठंही गेलो की आधी त्याचं तोंड बंद करायचं. अनुभवाची गोष्ट आहे, वहिनी."

"सगळ्यांकडे बोंबलतो?"

"सगळ्यांकडे. जळतात माझ्यावर."

वहिनीच्या ध्यानात आलं. चोराला आत घेण्याआधी हा माणूस घरोघरचं कुत्रं बांधून ठेवत होता आणि वर कुत्र्यालाच नावं ठेवत होता.

तिनं गोड आवाजात सांगितलं की साखरेचा डबा वरच्या फळीवर आहे, हवी तेवढी घ्या. ते स्वयंपाकघरात डबे आपटत असताना तिनं अँटिव्हायरस चालू केला आणि ड्राइव्ह लावला. पडदा लालबुंद झाला. जो किडा ड्राइव्हमध्ये, तोच मशीनमध्ये. तिनं अँटिव्हायरसला तो दोन्हीकडून पुसायला लावला. मग लपवलेल्या फायली दाखवण्याचं सेटिंग शोधून काढलं, तर खरे फोल्डर तिथंच, दडवून ठेवलेले. बाणवाले निव्वळ तोतये होते. कॉलरपासून खिशापर्यंत सगळं जागेवर.

दुपारी नमुने गेले आणि मास्तरांचा 'मिळाले' असा निरोपही आला. भाऊजींनी मिशीवरचा चहा पुसला. "बघा, माझं औषध उशिरा लागू पडतं, पण पडतं."

"औषध नव्हे, भाऊजी, रोग. तुमच्या गळ्यातून आलेला."

त्यांनी "हंऽऽ" केलं, जरा आखूड. मग म्हणाले, असेल, हल्ली पेन ड्राइव्ह चांगले येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दारात उभे. गळ्यात तोच ड्राइव्ह आणि म्हणे आत नवीन औषध भरलंय.

"चपलांबरोबर तोही तिथंच काढा," वहिनी आतूनच म्हणाली.

त्यांनी मुकाट्यानं तो उजव्या चपलेत ठेवला, चहा प्यायला, आणि जाताना पुन्हा गळ्यात घालून समोरच्या बाईंचं दार वाजवलं. ते उघडलं नाही. बाईंना वहिनीचा फोन कालच गेला होता.