बबनचा ‘ण’

मी कोपरगावच्या बाजारात मेथीची जुडी निवडत होतो, तेव्हा बबनच्या मुलीचा फोन आला. “काका, बाबा गेले,” एवढंच ती बोलू शकली. महिना होत आला आता. माझा सगळ्यांत आवडता नट गेला, आणि त्याचं नाव तुम्ही ऐकलेलं असणार नाही. बबन साखर कारखान्यात फिटर होता आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या हौशी मंडळीत राजा, वकील, बाप, जे वाट्याला येईल ते. विंगेत मात्र, “मास्तर, लई भ्या वाटतंय, पानी द्या की,” म्हणत थरथरायचा. आणि पुढच्याच मिनिटाला असा बाप उभा करायचा की पहिल्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या.

मग नगरच्या स्पर्धेत उतरायचं ठरलं आणि मला दुर्बुद्धी सुचली. मी मराठीचा शिक्षक, दिग्दर्शकही मीच. “बबन, पानी नाही, पाणी. लोनी नाही, लोणी,” असा पंधरा दिवस त्याच्या मानगुटीवर बसलो. तो बिचारा मुकाट घोकत राहिला. प्रयोग छान रंगला होता. शेवटच्या प्रवेशात मुलाकडं बघून त्याला म्हणायचं होतं, “माझं मन जड झालंय रे.” बबन म्हणाला, “माझं मण जड झालंय रे.”

मागून कुणीतरी ओरडलं, “किती मण?” अख्खं सभागृह हसलं... परतीच्या एसटीत तो एवढंच म्हणाला, “चुकलं, मास्तर.” चूक माझी होती, पण तसं मी त्याला कधीच बोललो नाही.

पुढं कित्येक वर्षं नाटकं बसवली, त्याला विचारलं नाही. कशाला जखमेवर मीठ, असं वाटायचं. खरं तर मला त्याच्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती. रस्त्यात भेटलो की उसाच्या गप्पा, गुडघेदुखीच्या गप्पा. तो आपल्यावर रागावलाय, असं मी मनाशी धरून बसलो.

पुण्यानुमोदनाला, त्यांच्याकडच्या दिवसकार्याला, त्याच्या घरी गेलो. शांतावहिनी मोरीवरच्या आरशाकडं बोट दाखवून म्हणाल्या, “रोज दाढी करताना हितं घोकायचे. मन... मन... जन... जन. मी म्हनायची, आता कशापायी? तर म्हनायचे, मास्तर बोलवतील कवातरी, तवा चुकाया नको.”

“अगदी आत्तापर्यंत?” मी विचारलं.

“व्हय की. गेले त्या दिशी सकाळीबी.”

माझं घर तिथून दोन गल्ल्यांवर आहे.