मधल्या पट्टीचा टायर

आमच्या घरात सायकल आली ती भावाला. मी मोठी, शाळा दोघांची एकच, तरी हँडल त्याच्या हातात आणि मी मागे कॅरिअरवर. "पोरीच्या जातीला काय करायचीय सायकल?" एवढ्यावर विषय संपायचा. राग तेव्हाही यायचा, आजही येतो. खोटं कशाला बोलू?

आता मी पन्नाशीला टेकले. दीपनगरच्या कॉलनीत राहते, भुसावळला एका लॅबमध्ये रक्त तपासते. भाऊ धुळ्यात सायकलवाल्यांच्या ग्रुपचा म्होरक्या झालाय. त्याने नवी घेतली तशी जुनी, डोंगरात चालवायची गिअरची सायकल जिन्याखाली धूळ खात पडली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले तेव्हा मी ती मागितली. खानदेशात आखाजीला माहेरवाशिणीला नाही म्हणत नाहीत. झोके घे, गाणी म्हण, आमरस ओरप, मागशील ते मिळतं. भाऊही नाही म्हणाला नाही. लबाडाने अट घातली. वर्षभर सायकल ने, पण पुढच्या आखाजीला ग्रुपबरोबर धुळ्याहून सोनगीरला ये आणि किल्ल्याजवळचा मुरमाचा चढ पाय न टेकवता चढून दाखव. चढलीस तर सायकल कायमची तुझी, नाहीतर परत जिन्याखाली.

"तुन्हं काम नही हाई, अक्का," असं वरून म्हणाला. उचलली जीभ, लावली टाळ्याला! मी म्हटलं, घोडामैदान जवळच आहे.

जुन्या टायरांना तडे गेले होते. नवे घ्यायला जळगावला गेले, तर दुकानदाराने मला बघितलं, सायकल बघितली आणि विचार न करता बटन टायर काढला. बटन टायर म्हणजे अंगभर रबराच्या गोट्या असलेला, दिसायला एकदम पैलवान. "मॅडम, डोंगर म्हटलं की हाच." मी म्हटलं, दादा, सगळे काढा, मी बघते. भरताचं वांगं निवडताना मी बाजारात कुणाचं ऐकत नाही, इथे का ऐकू?

धुळे ते सोनगीर जवळजवळ सगळा डांबरी हायवे. बटन टायर डांबरावर घुंई घुंई ओरडतो आणि पायातला जीव ओढून घेतो. चढापर्यंत पोचेन, पण चढायला गुडघ्यात काही उरायला नको? दुसरा टायर गुळगुळीत. तो हायवेवर लोण्यासारखा पळेल आणि मुरमावर सांडलेल्या ज्वारीवर चालल्यासारखा घसरेल. तिसरा कोपऱ्यात टांगला होता. मध्ये सलग पट्टी, गोट्या फक्त दोन्ही कडांना. त्यावर हात फिरवला आणि म्हटलं, हाच बांधा.

भावाला फोनवर सांगितलं तर तो खो खो हसला. "ना घर का ना घाट का! अक्का, फसलीस." मी फोन ठेवून दिला.

पण खरं सांगते, दोन महिने मलाही वाटत होतं की फसले. बोदवडच्या बाजूला एक मुरमाड टेकाड आहे, सुट्टीच्या दिवशी तिथे जायचे. दर वेळी अर्ध्यावर मागचं चाक जागच्या जागी फिरायचं आणि पाय खाली. एकदा तर रडू आलं, सायकल तिथेच टाकून एसटीने घरी जावंसं वाटलं. त्याच दिवशी बाभळीचा काटा घुसला. मागची हवा हळूहळू चालली होती, मला पत्ता नाही. चिडून शेवटचं म्हणून चढवली, तर बाई गं, थेट माथ्यावर! खाली उतरून बघते तर टायर पसरलेला आणि कडेच्या गोट्या जमिनीला टेकलेल्या. टणक हवेत त्या नुसत्या शोभेला होत्या. आपल्याकडे तर टायर अंगठ्याने दाबून बघतात, दगडासारखा लागला तरच हवा भरली म्हणतात. मीही तेच करत आले होते.

आखाजी आली. उजाडताच निघालो. ग्रुपमध्ये बाकी सगळ्यांचे बटन टायर, हायवेवर नुसती घुंई घुंई. माझी पट्टी सुळसुळ चालली होती. ऊन चढेपर्यंत त्यांच्या माना खाली गेल्या आणि मी बरोबरीने, गप्पा मारत. किल्ल्याजवळ भावजय पाणी घेऊन गाडीने आलेली होती.

आधी भाऊ चढला. टायर असा टणक की प्रत्येक खड्यावर उडत होता. अर्ध्याच्या जरा वर गेला, घसरला, पाय खाली. "मुरूम सैल शे," म्हणाला. मुरूम सैल, आणि तू कडक, मी मनात म्हटलं.

मग मी खाली बसले आणि दोन्ही चाकांची हवा काढायला लागले. फुस्स. ग्रुपमधले दात काढायला लागले. भाऊ वरून धावत आला. "अक्का, याड लागनं का तुले? बठ्ठी मेहनत पानीमा!"

"तू बाजूला हो," मी म्हटलं आणि निघाले.

पहिलं वळण गेलं. भाऊ घसरला होता ती जागा आली, चाक किंचित सरकलं, आणि कडेच्या गोट्यांनी मुरूम धरला. भावजय किंचाळत होती, "चाल अक्का, चाल!" छाती फुटायला आली, डोळ्यांत घाम, तोंडात माती. पण पाय पायडलवरच. माथ्यावर सपाट जागा आली तेव्हा मी गळा फाटेस्तोवर ओरडले. अशी आनंदी मी माझ्या लग्नातही नव्हते.

भाऊ धापा टाकत वर आला. वर्षभर स्वतःकडे ठेवलेली कुलपाची दुसरी किल्ली मोठेपणाने खिशातून काढली. "जाय, दिधी तुले सायकल."

त्याच्या तळहातावरून मी किल्ली उचलली आणि म्हटलं, "दिधी म्हणू नकोस रे. दिली कुणीच नव्हती. ही मी घेतली."