पिठातली रेघ

स्वतःचा राग आला की तो आधी दुसऱ्यावर काढायची माझी जुनी सवय आहे. म्हणून यंदा दसऱ्याला यवतमाळहून आलेल्या मुलीने आपल्या दीड वर्षाच्या पोरीसमोर परातीत ज्वारीचं पीठ पसरलं, तेव्हा मी चिडूनच बोललो, "अन्न आहे ते. पाटी कायले आणली मग?"

"तुमची पाटी तुम्ही पुजा, बाबा. तिले खेळू द्या."

नातीने पिठात बोट ओढलं. रेघ उमटली तशी ती दचकली, मग हसली. तळव्याने पुसून पुन्हा ओढली.

असंच मी बाभुळगावच्या याच घरात पाहिलं होतं. तेव्हा माझी ही मुलगी दीड वर्षाची होती. ओल्या बोटाने ओसरीच्या फरशीवर गोल काढायची आणि पाणी वाळून तो नाहीसा झाला की टाळ्या वाजवायची. मी प्राथमिक शाळेत शिक्षक, अक्षरासाठी नावाजलेला. दसऱ्याला पाटीवर एकचे आकडे जोडून सरस्वती काढतात. त्या वर्षी ती लेकीच्या हातून काढवायची, असं मी ठरवलं. भाऊ, भावजया, शेजारी जमलेले. तिच्या मुठीत पेन्सिल कोंबली आणि वरून माझी मूठ आवळली. ती हात ओढू लागली. मी आणखी दाबला.

"सोडा नं! कायले रडवून राह्यले लेकराले?" बायको म्हणाली.

"गुरुजीच्या घरी गिचमिड नाही चालत," मी म्हणालो. सगळे हसले. मी शेवटच्या आकड्यापर्यंत हात सोडला नाही.

त्यानंतर फरशीवर गोल दिसले नाहीत. पेन्सिल पाहिली की ती मूठ मिटून पाठीमागे न्यायची. पुढे लिहायला शिकली, पण खांदे आवळून. तिला मी वर्षानुवर्षं आळशी म्हणत आलो. आळशी! आणि शाळेत आणखी किती लेकरांचे हात असे दाबले असतील? मला कोणी अडवलं नाही, असा राग आजही उफाळतो. पण तो खोटा आहे. बायकोने अडवलं होतं.

यंदा नातीची रेघ परातीबाहेर गेली आणि माझा हात आपोआप पुढे झाला. मुलीने मध्ये हात घातला.

"तिचा हात नोका धरू, बाबा. माझा धरला तेवढा पुरे."

दीड वर्षाच्या वयातलं हे तिला कोणी सांगितलं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी मागे सरकून एकट्यानेच पाटीवर सरस्वती काढली. रागाने आकडे वाकडे येत होते. शेवटचा आकडा काढतोय तोच नात दुडुदुडु आली आणि पिठाळ तळव्याने तिने अर्धी सरस्वती पुसून टाकली.

मी मान वर केली. मुलगी माझ्याकडेच पाहत होती, पोरीला उचलायच्या तयारीत.

मी पाटी नातीकडे सरकवली आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो.