तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

नॉर्वल तुफ्टेच्या घरचे हिशेब त्याची बायको आर्डिस बघायची. तो स्वतः हिशेबी माणूस नव्हता. मिनेसोटाच्या त्या सपाट भागात जिल्ह्याच्या रस्त्यांवरचा बर्फ लोटणारी गाडी चालवण्यात त्याची उभी हयात गेली, आणि पगार हातात आला की तो आर्डिसच्या हातात द्यायचा एवढाच त्याचा पैशाशी संबंध. आर्डिस धान्य सोसायटीच्या कचेरीत हिशेबनीस होती. मुलगी कार्ला कॉलेजात गेली त्या वर्षी आर्डिसने घरखर्चाचा एक प्रोग्राम सीडीवर विकत आणला. तेव्हापासून रविवारी चर्चहून येऊन जेवणं झाली की दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसत. ती पावत्या वाचायची, तो दोन बोटांनी टाइप करायचा. खर्च कोणत्या खात्यात टाकायचा हे मात्र तिनेच ठरवायचं. एक नोंद झाली की कॉम्प्युटरमधून जुन्या दुकानातल्या गल्ल्यासारखी घंटा वाजायची, खणकन, मग पुढची पावती.

"तुझ्यावर सोपवलं तर कुत्र्याचं खाणंसुद्धा करमणुकीत जाईल," ती म्हणायची.

"कुत्र्याची करमणूकच होते ती," नॉर्वल म्हणायचा.

तिचे नियम पक्के होते. पक्ष्यांचे दाणे बागेत जात. चर्चच्या तळघरातल्या सामुदायिक जेवणाला न्यायचा पदार्थ घरी केला तरी त्याचं सामान किराण्यात नाही, दानात. आणि कॅफेतलं जेवण 'बाहेर जेवणं' या खात्यात टाकायचं तर माणसं दोन हवीत. एकट्याने खाल्लं ते नुसतं पोट भरणं, ते किराण्यातच.

गेली तीन वर्षं आर्डिस तळ्यापलीकडच्या वृद्धाश्रमात होती. आधी तिची घराची वाट चुकायला लागली, मग नावं गेली. पाद्रीबाईंचं नाव गेलं, कार्लाचं गेलं, आणि काही दिवस असे यायचे की समोर बसलेला नॉर्वल कोण हेही तिला सांगता यायचं नाही. खाती मात्र गेली नव्हती. नॉर्वल दर रविवारी लॅपटॉप आणि आठवड्याच्या पावत्या घेऊन जायचा. आता वाचायचंही त्यानेच आणि टाइपही त्यानेच करायचं.

"हार्डवेअरचं दुकान. अकरा डॉलर."

"काय घेतलंस?"

"नळाचे वायसर."

"घर, दुरुस्ती."

खणकन वाजलं की तिचा चेहरा वळायचा. "पुढे," ती म्हणायची, आणि पावत्या संपेपर्यंत ती आर्डिस असायची. हे नॉर्वलच्या लक्षात आल्यापासून तो खिळे सोमवारी आणायचा आणि स्क्रू गुरुवारी. म्हणजे पावत्या दोन होतात.

जानेवारीत तो लॅपटॉप मेला. रात्री मिटून ठेवला तो सकाळी उघडल्यावर पडदा काळाच. ॲरिझोनात राहणाऱ्या कार्लाने आठ दिवसांत नवा पाठवला आणि फोनवर बसून त्यात सगळं घालूनही दिलं.

"डॅड, आता पावत्या जपायला नकोत. हा नवा प्रोग्राम थेट बँकेतून सगळं ओढून घेतो. खातीसुद्धा त्याची तोच लावतो."

"मग मी काय करायचं?"

"काहीच नाही. नुसतं बघायचं."

नॉर्वलने बघितलं. हार्डवेअरचं दुकान, घर, दुरुस्ती. पेट्रोल, गाडी. एकट्याने खाल्लेलं सूप मात्र प्रोग्रामने 'बाहेर जेवणं'मध्ये टाकलं होतं. तेवढं सोडलं तर चूक नव्हती, आणि विचारण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

रविवारी तो नवा लॅपटॉप घेऊन गेला. एक-दोन ओळी त्याने नुसत्याच वाचून दाखवल्या. आर्डिसने खातं सांगितलं आणि ती थांबून राहिली. घंटा वाजली नाही.

"लिही ना," ती म्हणाली.

"लिहिलंय."

"तू लिहीतच नाहीस," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. बाहेर तळं गोठलं होतं. त्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरणाऱ्यांच्या झोपड्या मांडलेल्या होत्या, त्या ती बघत राहिली.

तिच्या बाजूच्या टेबलावर आश्रमाचा कॉफीचा मोठा थर्मास नेहमीच असायचा. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "कॉफी घेणार?"

"नको, राहू दे," नॉर्वल म्हणाला.

"अर्धा कप?"

"कशाला उगाच."

तो तिसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसला. त्या गावात पहिल्या दोन वेळा नाही म्हणायचं असतं. म्हणणाऱ्यालाही ते ठाऊक असतं आणि विचारणाऱ्यालाही. तिसऱ्यांदा विचारलं म्हणजे समोरच्याच्या मनातून आहे, मग 'बरं, तुम्ही घेणारच असाल तर' असं म्हणून कप पुढे करायचा. लग्नाआधी आर्डिसच्या आईच्या घरी त्याने अशीच भरपूर कॉफी मिळवली होती. पण आता आर्डिस दोनदा विचारायची, आणि तिसऱ्यांदा विचारायच्या आत विचारल्याचंच विसरून जायची. थर्मास हाताशी असूनही नॉर्वल कोरड्या घशाने परत यायचा. यजमानाने आग्रह केल्याशिवाय स्वतःच ओतून घ्यायची म्हणजे भलतंच झालं असतं.

त्या रात्री त्याने ती जुनी सीडी शोधली. ती बटणांच्या डब्यात होती, आणि तिच्याखाली पेन ड्राइव्ह. प्रोग्राम बंद करताना दर वेळी विचारायचा, प्रत काढून ठेवू का, आणि आर्डिस दर वेळी हो म्हणायला लावायची, म्हणून सगळ्या वर्षांचे हिशेब त्यात शाबूत होते. नव्या लॅपटॉपला सीडीची फटच नव्हती. सीडी घालायची वेगळी पेटी विकत आणायला तो गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेला.

दुकान रूबेन सालासचं होतं. टेक्ससहून येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. त्याने पेटी काढून दिली, सीडी उलटसुलट करून बघितली आणि शीळ घातली.

"सर, ही माझ्या शाळेच्या दिवसांतली आहे. सरळ नाही चालायची. मी येऊन लावून देऊ का?"

"छे, तुम्ही कशाला त्रास घेता," नॉर्वल म्हणाला.

"बरं," रूबेन म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

नॉर्वल जरा वेळ तारांच्या फडताळासमोर उभा राहिला. दुसऱ्यांदा कोणी विचारलं नाही, तेव्हा तो घरी आला.

घरी त्याने एकट्यानेच सीडी घातली. पडदा काळवंडला आणि एक चौकट आली. हा प्रोग्राम कोणाचा आहे ते माहीत नाही, त्याला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का? नॉर्वलने 'नाही' दाबलं. कोणी अनोळखी माणसाने घरात बदल करू का विचारलं तर त्याला लगेच कोण हो म्हणतं? चौकट गेली आणि तिच्याबरोबर सगळंच गेलं. त्याने सीडी पुन्हा घातली, चौकटीने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा 'नाही' दाबलं. तिसऱ्या वेळेला त्याने समाधानाने 'हो' दाबलं. निळी पट्टी सरकत सरकत शेवटापर्यंत गेली. प्रोग्रामचं ओळखीचं चित्रही डोकावलं. मग त्याने सांगितलं की इंटरनेट बघायचं जे जुनं साधन लागतं ते या कॉम्प्युटरवर सापडत नाही. खाली एकच बटण होतं, 'ठीक आहे'.

ठीक काहीच नव्हतं, पण दुसरं बटण नव्हतं.

पुढच्या रविवारी तो लॅपटॉप न घेताच गेला. आर्डिसने त्याच्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि बसा म्हणाली, जसं कोणालाही म्हणावं तसं. तासभर दोघं खिडकीतून तळं बघत बसली. सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं असं नाही. पावत्यांशिवाय ते सुरू कसं करायचं हे त्याला माहीत नव्हतं.

सोमवारी तो रूबेनच्या दुकानात गेला आणि गरज नसताना माउसखाली घालायची गादी घेतली.

"चाललं का सर तुमचं ते?" रूबेनने विचारलं.

"तसं वाईट नाही."

"म्हणजे चाललं."

"याहून बरं चाललं असतं तर हरकत नव्हती."

रूबेनने सुटे पैसे गल्ल्यावर ठेवले. "सर, उघडतंय की नाही उघडत?"

"नाही," नॉर्वल म्हणाला.

"मग असं सांगा की. मी येऊ? शुक्रवारी मी लवकर बंद करतो."

"एवढ्या लांब कुठे येता. रस्त्याची नुसती काच झालीय."

"तेही खरंच," रूबेन म्हणाला आणि खोकं उघडायला खाली वाकला.

नॉर्वलने टोपी घातली, कानपट्ट्या ओढल्या, हातमोजे चढवले. दाराच्या मुठीवर हात ठेवला. रविवारचं ते बसणं त्याच्या डोळ्यांसमोर होतं, आणि त्यापुढचा रविवार, आणि त्याच्याही पुढचा.

"हो," तो दाराकडे तोंड करूनच म्हणाला.

"काय हो?"

"मघाशी तुम्ही विचारलंत ते."

रूबेन सरळ उभा राहिला. "सर, आमच्याकडे हो आधी म्हणतात, टोपी नंतर घालतात."

शुक्रवारी तो आला. नॉर्वलने रिवाजाप्रमाणे विचारलं, "कॉफी घेणार?"

"घेणार ना."

नॉर्वल पुढचा प्रश्न तोंडात घेऊन उभा राहिला. शेगडी अजून पेटवलेलीच नव्हती. दोन नकारांच्या वेळात कॉफी होते असा त्याचा नेहमीचा हिशेब. लगबगीने त्याने पाणी ठेवलं आणि लिंबाच्या वड्या बशीत काढल्या. त्यासुद्धा रूबेनने आग्रहाची वाट न बघता घेतल्या.

"यात आहे तो नवा प्रोग्राम काय वाईट आहे?" रूबेनने खाता खाता विचारलं. "हा सगळं आपलं आपण करतो."

"तेच तर," नॉर्वल म्हणाला. "आर्डिसला सांगायला काही उरत नाही." मग, कधी नव्हे ते, तो पुढेही बोलला. पावत्या, खाती, घंटा. रूबेनने हातातली वडी खाली ठेवली आणि लॅपटॉप ओढून घेतला.

काम फारसं मोठं नव्हतं. "हा सुरू होताना एका जुन्या ओळखीच्याला हाक मारतो," रूबेन म्हणाला. "तो ओळखीचा कधीच घर सोडून गेलाय. ओ आली नाही की हा रुसतो. आपण दारावर त्याच्या नावाची पाटी लावायची. आत कोणी नसलं तरी याला पाटी पुरते." कॉम्प्युटरच्या आतल्या नोंदींमध्ये जाऊन त्याने एक ओळ लिहिली. मग प्रोग्रामच्या चित्रावर उजवी कळ दाबून, जुन्या काळच्या कॉम्प्युटरवर आहोत असं समजून चाल, अशी खूण केली. ती चौकट पुन्हा आली. करू द्यायचे का बदल?

"हो म्हणा, सर. पहिल्यांदाच."

पेन ड्राइव्हमधली प्रत आत घेतली आणि पडद्यावर आर्डिसची खाती एकाखाली एक उभी राहिली. नॉर्वलने वायसरांची एक राहिलेली पावती टाइप करून बघितली. खणकन.

"एक सांगून ठेवतो," रूबेन निघताना म्हणाला. "हे किती दिवस टिकेल याची खात्री नाही. कॉम्प्युटर मधूनमधून विचारेल, नवं काही घालू का. तेव्हा नाही म्हणा. कधीतरी न विचारताच घालेल, मग मला हाक मारा."

"नाही म्हणणं मला जमतं," नॉर्वल म्हणाला.

"ते दिसलं."

रविवारी आर्डिस खिडकीपाशीच होती. तिने मान वळवली नाही. नॉर्वलने लॅपटॉप उघडला.

"फार्म स्टोअर. पक्ष्यांचे दाणे. चौदा डॉलर."

मग, तळ्याकडेच बघत, "बाग."

खणकन.

ती वळली. "पुढे."

त्याने त्या आठवड्यात पावत्या भरपूर जमवल्या होत्या. स्टॅम्प, बल्ब, मीठ, पुन्हा स्टॅम्प. आर्डिस खुर्चीत पुढे सरकून बसली. बल्बना ती 'घर' म्हणाली आणि एवढे बल्ब कशाला जळतात म्हणून त्याला टोकलंही.

"कॅफे," त्याने वाचलं. "सूप आणि पाव. नऊ डॉलर."

"माणसं किती?"

"एक."

"मग ते बाहेर जेवणं नव्हे. किराणा. तुला किती वेळा सांगायचं?"

"माझ्या लक्षात राहत नाही," नॉर्वल म्हणाला आणि किराण्यात टाकलं.

शेवटची पावती झाली. घंटा वाजून विरली. आर्डिस 'पुढे' म्हणाली, आणि पुढे काही नव्हतं. तिने हात मांडीवर घेतले. त्याच्याकडे बघितलं ते आदबीने.

"फार लांबून आलात का तुम्ही?"

"तळ्याच्या पलीकडून."

"मग कॉफी घेणार?"

नॉर्वलच्या जिभेवर 'नको' आलंच होतं.

"घेईन," तो म्हणाला.

आर्डिसने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "एकदा विचारलं आणि लगेच घेईन? इकडचे दिसत नाही तुम्ही."

तो उठला, थर्मासमधून दोन कप भरले, एक तिच्या हातात नीट धरवला. त्याला कोणी हटकलं नाही. ती घोटभर प्याली आणि हसली.

"माझा नवरा असता तर अजून नको-नको म्हणत बसला असता."

"कॉफी गार होईपर्यंत," नॉर्वल म्हणाला.

"हो ना. तुम्ही ओळखता त्याला?"

"थोडाफार."

"सांगा त्याला, पावत्या घेऊन ये म्हणावं. खूप साठल्या असतील."

"सांगतो."

ती पुन्हा झोपड्या बघू लागली. मांडीवरच्या लॅपटॉपवर प्रोग्राम विचारत होता, बंद करण्याआधी प्रत काढून ठेवू का. नॉर्वलने उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं असतं तर प्रोग्राम बंद झाला असता, आणि मग उठावं लागलं असतं. कपात अजून अर्धी कॉफी होती. प्रश्न तसाच उघडा ठेवून तो बसून राहिला.