विक्रीच्या दिवशीचा कायदा

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये वकिलांच्या एका कार्यालयात मी ग्रंथपाल आहे. त्याआधी वर्तमानपत्राच्या संदर्भ विभागात कात्रणं लावत होते. तिथली सवय इथेही राहिली: कागद कोणताही असो, आधी तारीख पाहायची.

गेल्या वर्षी सोनिवलीहून एक बाई आमच्याकडे आल्या होत्या. वडिलोपार्जित शेत भावांनी त्यांना न विचारता बिल्डरला विकलं होतं. आपल्या हिश्श्यासाठी त्यांनी घातलेला दावा वीसेक वर्षं कोर्टात पडून होता. आमच्या ज्युनियर वकिलाने त्या दिवशी दावा मागे घेण्याचा अर्ज तयार ठेवला होता. फक्त सही बाकी होती.

"मावशी, मुलींना समान हक्क २००५ला मिळाला. तुमची विक्री त्याच्या आधीची. कायदाच तुमच्या बाजूने नाही," तो म्हणाला. "उगाच चकरा मारताय."

"चकरा मी मारते. तुजं काय जातंय?"

फाइल नोंदीसाठी माझ्या टेबलावर आली. ज्युनियरने सांगितलेलं खरं होतं, पण अर्धं. मी त्याला थांबायला सांगितलं.

"मॅडम, तुमच्या पुस्तकांपेक्षा माझा फोन ताजा आहे."

"म्हणूनच चालणार नाही. विक्री झाली त्या दिवशी कायदा काय होता, ते बघायचंय."

मागच्या कपाटातून वारसा कायद्याच्या पुस्तकाची जुनी आवृत्ती काढली. केंद्राने कायदा बदलण्याच्या कितीतरी आधी, १९९४ मध्ये, महाराष्ट्राने स्वतःची दुरुस्ती केली होती. ती लागू होण्याआधी ज्यांचं लग्न झालेलं नव्हतं, त्या मुलींना तेव्हाच वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हिस्सा मिळाला होता. आमच्या नव्या आवृत्तीत हा भाग छापलेलाच नव्हता.

"मावशी, लग्न कधी झालं तुमचं?"

"भात लावायच्या आधी. बाप होता तवा."

"वर्ष?"

"ते तुम्हीच बघा. पत्रिका दिलीय ना मी."

पत्रिका फाइलच्या तळाशी होती, हळदीच्या डागासकट. तारीख दुरुस्तीनंतरच्या वर्षाची होती, आणि विक्री त्याच्याही नंतरची. खाली निमंत्रक म्हणून दोन्ही भावांची नावं छापली होती, तेव्हा तारीख त्यांना नाकारता येणार नव्हती.

पुस्तक आणि पत्रिका घेऊन मी सरांच्या केबिनमध्ये गेले. कार्यालय त्यांचं. कोर्टात उभेही तेच राहणार होते. त्यांनी ते पान दोनदा वाचलं.

"टिकेल हे?"

"ते तुम्ही ठरवायचं. त्या दिवशी हा कायदा लागू होता, एवढं मी सांगू शकते."

सरांनी बाईंना आत बोलावलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं: दावा अजून लांबेल, भाऊ लढतील, निकालाची खात्री कोणी देणार नाही. पण हक्कच नव्हता, असं आता कोणाला म्हणता येणार नाही. पुढच्या तारखेला दुरुस्तीचा मुद्दा लेखी मांडायचा, असं त्यांनी ठरवलं.

"म्हंजी माजं होतं ते," बाई म्हणाल्या.

"विक्रीच्या दिवशी होतं," मी म्हटलं.

त्यांनी सही न केलेला अर्ज उचलला आणि ज्युनियरच्या हातात दिला.

"धर. आता नवा लिही. आन् माज्या लग्नाची तारीख पयली घाल."

तो खुर्ची ओढून बसला आणि पुस्तकाचं ते पान मागितलं. मी पुस्तक दिलं, आणि उतरवून झाल्यावर प्रत मला तपासायला आणायला सांगितलं.