मर्लची फुकट कॉफी

मर्ल शोबर्टच्या टेबलावर एक पाटी असायची: ‘आखूड नळीचं रिव्हॉल्वर दाखवा, साल सांगतो. चुकलो तर कॉफी माझ्याकडून.’ पेनसिल्व्हेनियातल्या त्या गावात अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये वर्षातून चारदा बंदुकांचा बाजार भरायचा. पंचवीस वर्षांत ती कॉफी कुणाच्या घशाखाली उतरली नव्हती, आणि मर्लला त्याचा चांगलाच तोरा होता.

तसा माणूस साधा. चाळीस वर्षं काचेच्या कारखान्यात साचे घासले, बायको गेली, मुलगी टेक्सासला नांदते. पण कोटाच्या खिशात मावणाऱ्या, दोन इंची नळीच्या जुन्या रिव्हॉल्वरांचं त्याला भारी वेड. चापाभोवतीच्या कड्याचा घाट बघ, गोळ्यांचं चक्र सोडायची कळ चपटी आहे का बघ, बाजूच्या झाकणाला स्क्रू किती ते मोज, असं करत तो सालापाशी यायचा आणि मग क्रमांक वाचून शिक्कामोर्तब करायचा. हातात आलेल्या प्रत्येक हत्याराची वहीत नोंद. शेजारच्या टेबलावरचा स्टॅन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, की याला बायकोचा वाढदिवस कधी आठवला नाही, पण कारखान्यानं वरचा स्क्रू कधी काढला ते विचारा, झोपेतसुद्धा सांगेल. मर्ल निमूट ऐकून घ्यायचा. खोटं थोडंच होतं ते!

एक रीत मात्र तो कसोशीनं पाळायचा. दुसऱ्याच्या हत्याराला स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही. स्क्रूच्या खाचेवर बारीक ओरखडा दिसला तरी हे संग्रह करणारे लोक नाक मुरडतात. मुळात विचारणंसुद्धा आगाऊपणाचं समजतात.

दोन हजार आठच्या नोव्हेंबरात, बाजाराच्या दिवशी सकाळीच, डोलोरेस हुडाक बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. सत्तरीची बाई, डोक्याला रुमाल बांधलेला. डब्यातलं रिव्हॉल्वर विकायचंय म्हणाली. साल विचारायची गरज नव्हती, ते मर्लनंच शहाऐंशीत सांगितलं होतं, एकोणीसशे सत्तावन्न. हॅम सँडविच खाता खाता सांगितलं होतं, एवढंही तिला आठवत होतं.

मग तिनं बाकीचंही सांगितलं, बाजारहाट सांगावी तशा सुरात. तिचा बाप अँडी रेल्वेचा पोलीस. चोपन्न साली यार्डात मालगाडीच्या डब्याखाली सापडून गेला. आई आयुष्यभर म्हणत आली, की हे रिव्हॉल्वर त्याचं, मेला तेव्हाही कमरेला होतं. आणि मर्ल म्हणाला सत्तावन्न! मेलेला माणूस तीन वर्षांनी हत्यार घेतो होय? पुढं आईनं घरातल्या भाडेकरूशी लग्न केलं होतं. डोलोरेसला वाटलं, हे रिव्हॉल्वर त्या भाडेकरूचंच, आणि आईनं बापाच्या नावावर खपवलं. मग आणखी काय काय खपवलं असेल? आईला तोंडावर विचारलं. म्हातारी एकच सांगत राहिली, अँडीचं आहे. दोघींचं बोलणं तुटलं. दोन वर्षांनी आई गेली तेव्हाही तुटलेलंच होतं.

मर्लनं चक्र उघडून रिकामं असल्याची खात्री केली. मूठ जाडजूड लाकडाची, मागाहून बसवलेली, खालचा भाग सगळा झाकणारी. त्यानं बाजूचं झाकण पाहिलं. वरचा स्क्रू जागेवर होता. सत्तावन्नात तो असायला नको; कारखान्यानं तो त्याआधीच काढून टाकला होता. वही उघडली. शहाऐंशीच्या पानावर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘वरचा स्क्रू आहे. जुना सांगाडा उशिरा वापरला असावा.’ त्याखाली क्रमांक. तो त्यानं चक्र उघडल्यावर सांगाड्यात दिसणाऱ्या खाचेतून उतरवला होता आणि त्यावरून सत्तावन्न साल काढलं होतं. खाचेतला क्रमांक म्हणजे जोडणी करताना सुटे भाग एकत्र राहावेत म्हणून कामगारांनी टाकलेली खूण. खरा क्रमांक मुठीच्या तळाला, त्या लाकडाखाली. नवशिके हमखास इथंच फसतात, आणि मर्ल त्यांना फिदीफिदी हसत आला होता.

गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? चांगली किंमत देऊन डबा ठेवून घेता आला असता. बाई निदान आहे त्या रागात तरी सुखानं राहिली असती. त्यानं पाण्याचा घोट घेतला.

"ही मूठ काढू का?" त्यानं विचारलं.

"काढा की."

एकच स्क्रू. लाकूड सुटलं. तळाचा क्रमांक स्वच्छ होता, एकोणीसशे एक्कावन्नचा. शेजारी धातूवर कुणीतरी खिळ्यानं आकडा कोरला होता, सत्तेचाळीस. डोलोरेसनं डब्याच्या तळाशी हात घालून रेल्वे पोलिसाचा पितळी बिल्ला काढला आणि त्याच्याजवळ ठेवला. सत्तेचाळीस.

"तुमची आई खरं बोलत होती," मर्ल म्हणाला. "चुकलो मी. भलताच आकडा वाचला. लाकडाखाली बघायला हवं होतं, पण दुसऱ्याचा स्क्रू सोडायचा कसा म्हणून विचारलं नाही."

स्टॅननं हातातलं फडकं खाली ठेवलं.

डोलोरेसनं त्या दोन्ही आकड्यांवरून अंगठा फिरवला. "विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं," ती म्हणाली.

मर्लला रडू आवरेना. त्यानं वहीतली जुनी ओळ खोडली, वर एक्कावन्न लिहिलं, अँडी हुडाकचं नाव लिहिलं आणि वही तिच्यापुढं सरकवली. तिनं वाचलं. मग बोटानं पाटी दाखवली.

"आणा मग कॉफी."

तो हॉलच्या स्वयंपाकघरातून दोन हातांनी कप धरून घेऊन आला. ती खुर्ची ओढून बसली आणि कोट न काढता शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. मग बापाचं रिव्हॉल्वर डब्यात ठेवलं, झाकण दाबून बसवलं आणि घरी घेऊन गेली.

पुढच्या बाजाराला मर्लच्या टेबलावर पाटी नव्हती. तिच्या जागी एक लहानसा स्क्रूड्रायव्हर ठेवलेला होता, आणि येईल त्याला तो आधी विचारायचा, काढू का?