राखणदाराचा पगार

"इलंय रे!"

बागेच्या बेड्यापाशी थांबायचं, आडवे बांबू सरकवायचे, चपला काढून हातात घ्यायच्या आणि आत चिटपाखरू नसताना मोठ्यानं सांगायचं, "इलंय रे!" आलेय म्हणून वर्दी द्यायची, मगच पाय आत. निघताना पुन्हा त्याच जागी थांबून, "येतंय हां!" जातंय असं कधीच नाही. 'जाते' म्हणून निघू नये, हे तुम्हालाही घरी शिकवलं असेलच.

ही आमची काकी. सख्खी नव्हे, वाडीतली. आचऱ्याच्या मागच्या अंगाला कातळाच्या सड्यावर तिची काजूची बाग आणि तिला लागून आमची. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन गोव्यात, मागे काकी आणि बाग. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा पहिल्याच दिवशी तिला विचारलं होतं, "कोणाक सांगतंस गो?"

"तेका," ती म्हणाली. जसं काही घरातल्या माणसाचीच गोष्ट.

तो म्हणजे बागेचा राखणदार. आमच्याकडे बागेला असतो तो. फणसाच्या बुंध्याशी एक जांभा चिरा, त्यावर जास्वंदीचं फूल, वर्षातून एकदा कोंबडा आणि बाटली. एकदा विधी करून त्याला जागेला बांधला की एवढ्यावर तो चोराचिलटांपासून बाग राखतो. भर दुपारी तो बागेतून फेरी मारतो, म्हणून त्या वेळी चिऱ्याकडे फिरकायचं नाही. तुम्ही मानू नका हवं तर. मी मानते का, ते मात्र विचारू नका.

आता प्रमाणपत्राचं सांगते, कारण सगळं रामायण त्यापायी घडलं. काजूची बी विकली जाते, तिच्यावरची रसाळ फळं, म्हणजे बोंडू, झाडाखाली सडतात. गुरं खाऊन खाऊन किती खाणार? सुगीत अख्ख्या वाडीला आंबूस वास. अशात इन्सुलीकडच्या काही मंडळींनी बोंडवांची वाइन करायला घेतली आणि आम्हाला वाटलं, देव पावला. पण त्यांची वाइन जायची परदेशात, आणि तिकडच्या लोकांना नुसती चव पुरत नाही, बाग कशी राखली तेही कळायला लागतं. तणनाशक नको. पाला जाळायचा नाही. विहिरीजवळ फवारा नको. राबणाऱ्या माणसाला रीतसर मजुरी, सावली, पाणी, सुट्टी. शाश्वत शेतीचं प्रमाणपत्र मिळालं तरच ते बोंडू घेणार. आणि प्रमाणपत्र एकेकट्याला नाही, सगळ्या वाडीच्या गटाला मिळून. एक बाग नापास की सगळे घरी. त्या गटाची सेक्रेटरी मी. म्हणजे हमाली माझी आणि शिव्याही मलाच.

काकीला हे नियम पहिल्या बैठकीतच पटले. तिथून पुढे आमच्या जिवाला घोर लागला. माझा दीर सवयीनं बांधावरचा पाला गोळा करून पेटवायला निघाला, तर ही तरातरा आली आणि त्या ढिगावर फतकल मारून बसली.

"पेटय! पण आधी माका पेटय."

"काकी, उठ गो. विंचू आसतत त्यात," दीर काकुळतीला आला.

"विंचवाक कळता. तुका कळना नाय."

ती उठली नाही. दिरानं आगपेटी खिशात घातली, तेव्हा कुठे पदर झटकून घरी गेली. दीर नंतर महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. माझा काय संबंध होता, देव जाणे!

तिचा एकच दोष होता. प्रश्न विचारला की ती पुरं उत्तर द्यायची. वाट विचारणाऱ्याला वाटेवरच्या घरांतली भांडणंसुद्धा सांगायची. म्हणून तपासणीआधी मी तिला बसवून बजावलं, "विचारलां तितक्याच सांग. वाढव नको."

"म्हणजे खोटां सांगू?"

"खोटां नको गो. कमी सांग."

"कमी सांगणां म्हणजे अर्धां खोटांच मां?"

मी कपाळावर हात मारला.

तपासनीस आला तो घाटावरचा. सभ्य, मोजकं बोलणारा, इस्त्रीचा शर्ट. आल्या आल्या म्हणाला, "काम झाल्याशिवाय चहा नको." चहा नाकारणाऱ्या माणसाची मला भीती वाटते. त्याचा आणखी एक नियम होता. बागायतदाराशी तो बोलत असताना सेक्रेटरीनं लांब उभं राहायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. घातलं तर पढवलेलं आहे असं धरणार. माझ्यासारखीला ही केवढी शिक्षा, ते आमच्या घरच्यांना विचारा.

आमची बाग पार पडली, दिराची पडली. शेवटी काकीची. तोवर ऊन डोक्यावर आलेलं. झाडाखाली बोंडवांचा पिवळा-तांबडा सडा पडायला लागला होता. फळ एका दिवसात उतरतं. वाइनवाले नुसते निरोपाची वाट बघत होते.

काकी पडवीत पाटावर बसली. साहेबासमोर तिनं शुद्ध मराठी काढली, तिथंच मी ओळखलं, आता काही खरं नाही. पाणी, खत, फवारा यांची उत्तरं झाली, झकास झाली. मी श्वास सोडणार, तेवढ्यात त्यानं विचारलं, "बागेला राखणदार आहे का?"

"आहे तर," काकी म्हणाली. "सासऱ्यांच्या काळापासून आमच्याकडेच आहे."

मी खांब घट्ट धरला.

"पगार काय देता?"

"पगार कसला? वर्षातून एकदा कोंबडा देतो. आणि बाटली."

त्याचं पेन थांबलं. "राहतो कुठे?"

"बागेतच. त्या फणसाखाली."

"पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात काय आणि उन्हाळ्यात काय! तिथेच."

"सुट्टी?"

"अहो, तो सुट्टीवर गेला तर बाग कोण राखणार?"

"आणि सोडून जायचं म्हणाला तर?"

काकी हसली. लेकराच्या प्रश्नाला हसावं तशी. "जाईल कसा? सासऱ्यांनी बांधून ठेवलाय त्याला."

तपासनीसाचा चेहरा पांढरा पडला. तुम्हीच सांगा, त्याच्या जागी तुम्ही असतात तर काय समजला असतात? वेठबिगार! माणूस बांधून ठेवलाय, वर्षानुवर्षं, कोंबड्यावर! आमचा गट, आमचे बोंडू, वर्षभराची मेहनत, सगळं डोळ्यांपुढे पाण्यात चाललेलं दिसलं आणि माझा नियम सुटला.

"साहेब, तो माणूस नाही हो!" मी ओरडले.

तो गर्रकन माझ्याकडे वळला. "माणूस नाही? त्याला तुम्ही माणूससुद्धा समजत नाही?"

"मगे?" काकीची शुद्ध मराठी संपली. "तो माणूस खंय आसा?"

"मला त्याला भेटायचंय," तो उठला. "आत्ता."

काकीचं हसू गेलं. तिनं उन्हाकडे पाहिलं. "आत्ता नको. ही त्याची फेरीची वेळ. आत्ता तो भेटत नाही कोणाला."

"लपवताय त्याला?"

हा शब्द तिला झोंबला. आयुष्यात तिनं बोंडूसुद्धा कोणाचा लपवला नव्हता. ती उठली, पदर खोचला, म्हणाली, "चला." भर दुपारी चिऱ्याकडे जायचं म्हणजे तिच्या लेखी काय होतं, ते मला ठाऊक होतं. ती पुढे निघाली. मागून तपासनीस, त्याच्या मागून मी, मनातल्या मनात सगळ्या देवांना नवस बोलत.

बेड्यापाशी ती थांबली. चपला हातात घेतल्या.

"इलंय रे! अवेळी इलंय, रागाव नको. सायब इलेसत. तुका पगार गावता काय, ता विचारूक इलेसत."

तपासनीस चालता चालता थबकला. तिनं त्याला फणसापाशी नेलं आणि बाजूला सरली. चिरा, सकाळचं सुकलेलं जास्वंद, पणतीचा काळा डाग. बाकी काही नाही. पान हललं नाही. मला वाटलं, आता हा हसेल, किंवा चिडेल. दोन्हींची मला सारखीच धास्ती होती.

तो हसला नाही. चिऱ्याकडे बघत त्यानं हळूच विचारलं, "मावशी, मग बाग खरोखर राखतं कोण?"

"आम्ही दोघं. तो आणि मी."

"तुम्हाला मदतीला?"

"तो आसा मां."

"तुम्हाला मजुरी?"

"माका?" ती गोंधळली. "घरच्या माणसाक मजुरी खंयची?"

"सुट्टी?"

पुरं उत्तर देणारी काकी गप्प झालेली मी पहिल्यांदा पाहिली. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पगार नाही, सुट्टी नाही, उन्हापावसात तिथेच. तिला बघून आणली तीही त्याच सासऱ्यांनी. मुलगी गोव्याहून फोनवर रडायची, "आये, ये गो हयसर," आणि ही म्हणायची, "तेका एकट्याक टाकून कशी येव?" पडवीत बसून तिनं राखणदाराचं म्हणून जे जे सांगितलं, ते सगळं तिचंच होतं. मला रडू आलं. मी बोंडू वेचायच्या निमित्तानं वाकले.

पडवीत परतल्यावर तपासनीसानं चहा मागितला. काकीनं त्याला दोनदा घ्यायला लावला आणि कप ठेवायच्या आत विचारलं, "पास झालंव मां?"

झालो. गट पास झाला, दुसऱ्याच दिवशी बोंडवांची गाडी भरली. त्याच्या अहवालात एकच सूचना होती. शेवटच्या बागेतल्या राखणदाराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यावी. मी ती काकीला वाचून दाखवली, तर ती म्हणाली, "बरां झालां. तेकाय जरा बरां वाटात."

"तेका नाय. तुका!"

"माका? येड लागला काय तुका!"

पण मी सेक्रेटरी. नियम तो नियम, प्रमाणपत्र जाईल, अशी धमकीच दिली. पुढच्या रविवारी तिला दिराच्या रिक्षात घालून आचऱ्याच्या किनाऱ्यावर नेली. इतक्या जवळ राहून तिनं समुद्र कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. पाण्यात पाय बुडवून ती बराच वेळ उभी राहिली. चेहरा कसा हलका झालेला. मग एकदम दचकली.

"अगो, तेका सांगूक इसारलंय!"

रिक्षा तशीच परत फिरवायला लागली. त्यानंतर मात्र दर शनिवारी बेड्यापाशी रजेचा अर्ज व्हायचा. "उद्या माका सुट्टी हां. सायबान सांगलानी."

पावसाळा सरता सरता तिला धाप लागायला लागली. मुलगी गाडी घेऊन आली. काकीनं या वेळी वाद घातला नाही, त्यातच मी काय ते समजले. गाडी बेड्यापाशी थांबवायला लावली. उतरायचं बळ नव्हतं. काच खाली करून तिनं चपला काढल्या, मांडीवर घेतल्या आणि उरल्यासुरल्या आवाजात हाक दिली, "येतंय हां!"

ती आली नाही. दिवाळीच्या आधी गोव्याहून फोन आला.

या वर्षी तोच तपासनीस आला. आल्या आल्या त्यानं चहा घेतला. काकीचं त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं आणि माझं धाडस होत नव्हतं. आमची बाग झाली, दिराची झाली. तिच्या बागेकडे निघालो. मुलीनं ती गटाकडे सोपवलीय, आम्ही पाळीपाळीनं बघतो, रीतसर मजुरी लावून. बेड्यापाशी त्यानं कागद काढला आणि मिश्कील हसत मला विचारलं, "या बागेला राखणदार आहे का? म्हणजे, जिवंत माणूस?"

"नाही, साहेब," मी म्हटलं. "आता जिवंत नाही."

त्याचं हसू मावळलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, बंद बेड्याकडे पाहिलं. मग कागद घडी करून खिशात ठेवला, वाकला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

मी चपला हातात घेतल्या. बांबू सरकवले.

"इलंव गो!"